पाचट, पालापाचोळा आणि पुठ्ठा: कोल्हापूरच्या परसबागेसाठी बिनखर्चाचे आच्छादन

मार्च महिन्यात कोल्हापूरच्या कोणत्याही जुन्या, झाडी असलेल्या वसाहतीतून सकाळी फेरफटका मारला, तर दारोदारी झाडून ठेवलेले पाल्याचे ढीग दिसतात, आणि त्यांतील बरेच ढीग दुपारपर्यंत राख झालेले असतात. शहराच्या वेशीबाहेर पडले की ऊसतोड झालेल्या फडांतून पाचट, म्हणजे उसाची सुकी पाने, पेटवल्याचा धूर येतो. त्याच सुमारास घराघरांच्या परसात मात्र माती उघडी पडलेली असते, तिला भेगा गेलेल्या असतात आणि सकाळी घातलेले पाणी दुपारी कुठे गेले याचा पत्ता लागत नाही. जे आपण जाळतो तेच या मातीला पांघरूण म्हणून हवे असते. नव्याने बाग करू लागलेल्यांसाठी हे पांघरूण कोठून मिळवावे, कसे पारखावे आणि कधी, किती पसरावे, हे या लेखात सांगितले आहे.

मातीवर सुक्या किंवा ओल्या पदार्थाचा थर पसरून ती झाकणे म्हणजे आच्छादन. या थरामुळे ऊन थेट मातीवर पडत नाही, त्यामुळे बाष्पीभवन कमी होते आणि माती तापत नाही. पावसाचा टपोरा थेंब मातीवर आदळून तिचा वरचा थर घट्ट होतो, तेही टळते. तणाच्या बियांना उजेड न मिळाल्याने पुष्कळसे तण उगवत नाही. शिवाय थराचा खालचा भाग हळूहळू कुजून मातीत मिसळतो आणि गांडुळांना वर येऊन काम करता येते. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही असण्याची स्थिती, ती आच्छादनाखाली अधिक दिवस टिकते.

हे वाचून पटवून घेण्यापेक्षा हाताने पाहावे. एप्रिलमध्ये वांग्याच्या दोन शेजारशेजारच्या वाफ्यांपैकी एक मी पाचट घालून झाकला होता आणि दुसरा उघडा ठेवला होता. पाणी दिल्यानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता उघड्या वाफ्यात बोट खुपसले, तर नखाएवढेही आत जाईना. वरचा पापुद्रा भाजलेल्या भाकरीसारखा तडकला होता. झाकलेल्या वाफ्यावरचे पाचट बाजूला केले तेव्हा खालची माती काळी, गार आणि भुसभुशीत होती, बोट दोन पेरांपर्यंत सहज गेले आणि पाचटाच्या खालच्या बाजूला बुरशीचे पांढरे धागे पसरलेले दिसले. नवखे लोक ही बुरशी पाहून घाबरतात आणि थर उचलून टाकतात. ती पाला कुजवणारी बुरशी आहे, तिला तसेच राहू द्यावे.

गोळा करण्याचा काळ

कोल्हापूरला एक सोय आहे आणि एक अडचण. सोय अशी, की सुका माल येथे मुबलक मिळतो. अडचण अशी, की तो वर्षभर सारखा मिळत नाही. उसाचा गळीत हंगाम साधारणपणे दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन मार्चपर्यंत चालतो, म्हणून पाचट याच काळात मिळते. पानगळ फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. भाताचा पेंढा सुगीनंतर येतो, पण तो जनावरांची वैरण असल्याने मागण्याजोगा नसतो; भिजून काळा पडलेला, गुरे खात नाहीत असा पेंढा मात्र गोठेवाले आनंदाने देतात. जूननंतर कोरडे असे काहीच हाती लागत नाही. त्यामुळे पहिली पायरी ही, की डिसेंबर ते एप्रिल या काळात वर्षभराचा साठा करावा.

किती साठवावे, याचा अंदाज सोप्या गणिताने येतो. एक चौरस मीटर जागेवर 7.5 सेंटिमीटर, म्हणजे तीन इंच जाडीचा थर द्यायचा, तर 75 लिटर माल लागतो. दोन मीटर लांब आणि एक मीटर रुंद वाफ्याला 150 लिटर. धान्याचे 50 किलोचे पोते साधारण 65 ते 70 लिटरचे असते, म्हणजे एका वाफ्याला दाबून भरलेली दोन-तीन पोती. पाला दोन महिन्यांत निम्मा बसतो, म्हणून तेवढीच आणखी पोती शिलकीत असावीत.

कोणता माल कसा

पाचटापासून सुरुवात करतो, कारण आपल्या भागात त्याच्याइतके चांगले आणि त्याच्याइतके वाया जाणारे दुसरे काही नाही. तोडणीच्या वेळी उसाचे हिरवे शेंडे, म्हणजे वाडे, वैरणीसाठी जातात आणि सुकी पाने शेतातच राहतात. हे राहिलेले पाचट खोडव्याच्या, म्हणजे तोडणीनंतर त्याच बुंध्यांतून पुन्हा फुटणाऱ्या उसाच्या, सऱ्यांत ठेवावे असे कृषी विभाग आणि साखर कारखाने वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. जो शेतकरी तसे करतो त्याच्याकडे ते मागू नये, कारण त्याच्या जमिनीला त्याची अधिक गरज आहे. जो जाळणार असेल त्याला मात्र आधी भेटून विचारावे. बहुतेक जण चार-पाच पोती न्यायला हरकत घेत नाहीत. पाचट भरताना पूर्ण बाह्यांचा जाड सदरा, हातमोजे आणि बूट घालावेत. उसाच्या पानाची कड करवतीसारखी असते आणि पानाच्या देठाकडील भागावर बारीक कूस, म्हणजे टोचणारी लव, असते. ती मानेला, मनगटाला लागली की दिवसभर खाज जात नाही. घरी आणल्यावर कोयत्याने वीतभर लांबीचे तुकडे करावेत, म्हणजे थर नीट बसतो आणि वाऱ्याने उडत नाही.

पाल्यामध्ये सगळी पाने सारखी नसतात. गुलमोहर आणि रेनट्रीची बारीक पर्णिका जणू आयतीच चाळून मिळते. ती लवकर कुजते आणि रोपांच्या वाफ्याला फार चांगली. मात्र तिच्यातील शेंगा वेचून काढाव्यात. सुबाभळीच्या बाबतीत तर हे विसरू नये, कारण तिचे बी पहिल्याच पावसात शेकड्याने उगवते. आंबा, फणस आणि साग यांची पाने चिवट असतात. तशीच पसरली तर ती एकावर एक चिकटून छपरासारखी होतात आणि पाणी खाली जाऊ देत नाहीत. ती अंगणात पसरून त्यांवरून चालावे किंवा पोत्यात भरून काठीने बडवावीत; चुरा झाला की हीच पाने सर्वांत टिकाऊ आच्छादन होतात. निलगिरीची पाने कोवळ्या रोपांजवळ घालू नयेत, त्यांतील तेलांमुळे बियांच्या उगवणीला अडथळा होतो.

रसवंतीचे चिपाड मागितले तर कोणीही देतो, पण ते ताजे वापरू नये. त्यात साखर उरलेली असते, त्यामुळे मुंग्या आणि माश्या येतात. चार-पाच दिवस कडक उन्हात पसरून ते खडखडीत वाळवावे आणि मगच मोठ्या झाडांच्या आळ्यात घालावे.

घरातील मालापैकी नारळाची सोडणे, शेंगांची टरफले, पुठ्ठा आणि वर्तमानपत्रे सर्वांत उपयोगी. सोडण सोलून त्याचा काथ्या मोकळा करून वापरावा. करवंट्या मात्र बागेत पालथ्यासुद्धा ठेवू नयेत, कारण त्या कधी ना कधी उलटतात, त्यांत पाणी साचते आणि डेंग्यू पसरवणारा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. शेंगांची टरफले हलकी असल्याने त्यांवर थोडा पाला टाकावा. खारवलेल्या शेंगांची टरफले घेऊ नयेत. चहाचा चोथा, कांद्याची साले, भाजीचे देठ हे पदार्थ थर देण्याइतके निघत नाहीत आणि उघड्यावर ठेवले तर उंदीर-घुशींना बोलावणे होते. ते आच्छादनाच्या खाली मूठ-मूठ सरकवावेत किंवा सरळ खतात टाकावेत. देवघरातील निर्माल्य चालते, पण आधी दोरे, जर आणि प्लॅस्टिकची फुले काढून टाकावीत. विकतच्या फुलांवर फवारणी झालेली असू शकते, म्हणून ते पालेभाजीला न घालता फुलझाडांना घालावे.

लाकडाच्या वखारीतील भुशाबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे. कुजवणाऱ्या जिवाणूंना कार्बनबरोबर नत्रही लागते. सुक्या पाल्यात नत्राच्या एका भागामागे कार्बनचे ढोबळमानाने पन्नासच्या आसपास भाग असतात, भुशात मात्र हे प्रमाण काही शेकड्यांत जाते. असा भुसा मातीत मिसळला, तर जिवाणू मातीतीलच नत्र ओढून घेतात आणि रोपे पिवळी पडतात. वर पातळ पसरला तर हा परिणाम मातीच्या अगदी वरच्या पापुद्र्यापुरता राहतो. म्हणून भुसा खुरप्याने कधीही मातीत घोळू नये. तो दोन-तीन सेंटिमीटरच, तोही पाला मिसळून, फळझाडांभोवती वापरावा. प्लायवूड, रंगवलेले किंवा वाळवीचे औषध लावलेले लाकूड कापलेल्या ठिकाणचा भुसा घेऊ नये.

चुलीची किंवा बंबाची राख आच्छादन म्हणून पसरण्याची जुनी सवय अनेक घरांत आहे. आपल्या काळ्या जमिनी मुळातच काहीशा क्षारीय असतात आणि राख त्यात भर घालते. त्यामुळे ती सोडून द्यावी.

हिरव्या मालात हिरवळीवर कापलेले गवत आणि गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) पाला हे दोन चांगले. गिरिपुष्पाच्या पाल्यात नत्र भरपूर असते, म्हणून पाचट किंवा भुसा यांच्याबरोबर त्याची जोडी उत्तम जमते. ओले गवत जाड घातले तर ते तापते, चिकट होते आणि आंबूस वास मारू लागते. एक दिवस सुकवून दोन सेंटिमीटरचा थर द्यावा आणि तो वाळला की दुसरा. उपटलेले तणही बी धरण्यापूर्वी चालते. गाजरगवताला मात्र फूल दिसले की ते आच्छादनासाठी वर्ज्य समजावे, कारण उपटल्यावरही त्याचे बी पक्व होऊ शकते. ते हाताळताना हातमोजे घालावेत, अनेकांच्या त्वचेला त्याने पुरळ येते.

शेतातून आणलेल्या पाचटावर किंवा पेंढ्यावर तणनाशक मारलेले होते की नाही, हे शेतकऱ्याला विचारावे. शंका वाटली तर घरी एक साधी चाचणी होते. दोन कुंड्यांत सारखीच माती भरून मेथी किंवा घेवडा पेरावा, एका कुंडीवर त्या मालाचा बारीक चुरा घालून दोन्हींना सारखे पाणी द्यावे आणि तीन आठवडे वाट पाहावी. चुरा घातलेल्या कुंडीतील रोपे वाकडी, पाने आक्रसलेली अशी दिसली, तर तो माल भाजीला घालू नये.

प्रत्यक्ष पसरताना

आधी तण काढावे. हरळी आणि लव्हाळा यांच्याबाबत आळस करू नये. हरळीच्या कांड्या थराखालून सरकत जातात, आणि लव्हाळ्याचा कंद एवढा जोमदार असतो की त्याचा टोकदार कोंब जाड थर भेदून वर येतो. खुरप्याने खोल जाऊन गाठी वेचल्या तरच पुढचे काम हलके होते.

त्यानंतर शेणखत किंवा गांडूळखत द्यायचे असेल तर ते मातीवर पसरावे आणि भरपूर पाणी घालावे. कोरड्या मातीवर आच्छादन घातले, तर ती कोरडीच झाकली जाते आणि वरून शिंपडलेले थोडे पाणी थरच पिऊन टाकतो. पाणी दिल्यावर एक रात्र जाऊ द्यावी आणि सकाळी, वाफसा आल्यावर थर द्यावा.

तण फार असलेल्या जागी सर्वांत खाली पुठ्ठा किंवा वर्तमानपत्र घालता येते. पुठ्ठ्यावरची चिकटपट्टी आणि पिना काढाव्यात. गुळगुळीत, चकचकीत छपाईचा कागद वगळावा. वर्तमानपत्राचे पाच-सहा थर पाण्यात भिजवून, एकमेकांवर चार बोटे चढतील असे अंथरावेत आणि लगेच वरून पाला किंवा पाचट घालावे. कागद उघडा राहिला तर वाळून उडतो. रोप लावायचे असेल तेथे कात्रीने फुली कापून जागा करावी.

आता जाडी. गुलमोहराची पर्णिका, टरफले, चुरा केलेला पाला असा बारीक माल पाच सेंटिमीटर पुरतो. पाचट, पेंढा असा जाडाभरडा, मध्ये पोकळी राहणारा माल दहा सेंटिमीटरपर्यंत चालतो. त्याहून जाड थराने मुळांना हवा कमी पडते.

जाडीइतकेच महत्त्वाचे म्हणजे खोडापासूनचे अंतर. भाजीच्या रोपाभोवती चार बोटे, आणि मोठ्या झाडाभोवती एक वीत जागा पूर्ण मोकळी ठेवावी. पपईच्या एका चांगल्या बहरलेल्या झाडाला मी पावसाळ्याच्या तोंडावर पाचटाचा ढीग खोडाला टेकवून घातला होता. जुलैअखेर खोडाचा बुंधा बोटाने दाबला तर आत जाईल इतका मऊ झाला आणि फळे धरलेले झाड एका रात्री आडवे झाले. त्या झाडाची हळहळ अजून वाटते, म्हणून हे अंतर मी आता प्रत्येक नवशिक्याला हाताने मोजून दाखवतो. मोठ्या झाडाची अन्न घेणारी बारीक मुळे बुंध्याशी नसून पसाऱ्याच्या कडेकडे असतात. आच्छादनही फांद्यांच्या सावलीच्या कडेपर्यंत न्यावे.

बी पेरलेल्या वाफ्यावर लगेच थर देऊ नये. मेथी, कोथिंबीर, मुळा यांची रोपे चार बोटे उंच झाल्यावर ओळींच्या मधे बारीक माल सरकवावा.

पसरून झाल्यावर वरून शेणकाल्याचे पातळ पाणी, किंवा एक लिटर गोमूत्रात दहा लिटर पाणी मिसळून, शिंपडावे. त्याने पाचट दबते, उडत नाही आणि कुजायला लागणारे नत्रही मिळते.

कुंड्यांमध्ये दोन-तीन सेंटिमीटर थर पुरे. गच्चीवरील कुंड्यांना त्याचा उपयोग जमिनीपेक्षाही अधिक होतो, कारण कुंडीची माती चहूबाजूंनी तापते. मात्र थर आला की पाणी कमी लागते, हे लक्षात ठेवून रोज सवयीने पाणी न घालता थराखाली बोट घालून पाहावे. निवडुंग, अडेनियम, कोरफड यांना पाल्याचे आच्छादन नको. त्यांना बारीक खडी ठीक.

पावसाळ्याचा हिशेब वेगळा

कोरड्या प्रदेशासाठी लिहिलेला सल्ला कोल्हापुरात जसाच्या तसा लागू होत नाही. येथे जून ते सप्टेंबर एवढा पाऊस होतो की अडचण पाणी टिकवण्याची नसून ते निचरण्याची असते, आणि पन्हाळा-गगनबावड्याकडे सरकावे तसा तो वाढतच जातो. त्यातही जमिनीप्रमाणे फरक करावा. पाचगाव-मोरेवाडीच्या चढावरील मुरमाड, उथळ जमिनीत पाणी थांबत नाही आणि उतारावरून माती वाहून जाते. तेथे पावसाळ्यातही पाच सेंटिमीटरचा थर राहू द्यावा. पंचगंगेकाठच्या भारी काळ्या जमिनीत मात्र जूनच्या पहिल्या आठवड्यात जुना थर दाताळ्याने ओढून वाफ्यांमधील पायवाटेवर टाकावा आणि मातीवर अगदी विरळ, मातीवर थेंब आदळू नये एवढाच ठेवावा. पायवाटेवरचा माल चिखल अडवतो आणि तुडवला गेल्याने लवकर कुजतो. ऑक्टोबरमध्ये तोच उचलून पुन्हा वाफ्यात घालता येतो.

ज्यांची बाग पूररेषेत आहे, त्यांनी जुलै-ऑगस्टमध्ये सुटे आच्छादन ठेवूच नये. 2019 आणि 2021 च्या पुरात पाणी जेथपर्यंत आले तेथपर्यंत सुटा पाला तरंगून गटारांच्या तोंडाशी अडकणार, हे गृहीत धरावे. पुराच्या पाण्यात सांडपाणी मिसळलेले असते, त्यामुळे त्यात भिजलेले आच्छादन भाजीच्या वाफ्यात परत वापरू नये.

पावसाळ्यातील दुसरा त्रास शंखी गोगलगायींचा. ओलसर थराखाली त्या दिवसभर लपतात आणि रात्री कोवळी रोपे फस्त करतात. संध्याकाळी वाफ्याच्या कडेला ओले गोणपाट अंथरावे, पहाटे ते उलटून हातमोजे घालून गोगलगायी गोळा कराव्यात आणि मिठाच्या दाट पाण्याच्या बादलीत टाकाव्यात. मीठ मातीवर टाकू नये. सलग आठ-दहा दिवस हे केले तर संख्या निश्चित घटते. रोपे फारच लहान असतील, तर तेवढ्या जागेचा थर काढून टाकणे हाच खरा उपाय.

काही धोके

सुके पाचट पेटायला एक ठिणगी पुरते. त्याची पोती स्वयंपाकघराच्या भिंतीला, विजेच्या मीटरखाली किंवा गाडी लावण्याच्या जागेजवळ ठेवू नयेत, आणि दिवाळीत बागेतील वरचा थर पाणी मारून ओला ठेवावा. पाला-पाचटाच्या ढिगात घोणस किंवा फुरसे असू शकते. ढिगात थेट हात न घालता आधी लांब दांड्याच्या दाताळ्याने तो हलवावा. घराच्या पायाला आणि लाकडी चौकटींना लागून आच्छादन देऊ नये, वाळवीला त्यातून आडोसा मिळतो. हातभर पट्टा उघडा ठेवावा.

शेजारी पाला जाळत असतील तर त्यांच्याशी बोलावे. घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार रस्त्यावर किंवा मोकळ्या सार्वजनिक जागेत कचरा जाळण्यास मनाई आहे, हे सांगता येईल. पण नियम दाखवण्यापेक्षा रिकामे पोते नेऊन ‘वहिनी, हा पाला मला द्याल का?’ असे विचारलेले अधिक उपयोगी पडते. आमच्या गल्लीतील तीन घरे आता झाडलेला पाला स्वतःहून पोत्यात भरून फाटकाशी ठेवतात.

ही पोती साठवताना खाली दोन ओळी विटा लावाव्यात, वर पत्रा किंवा जुनी ताडपत्री टाकावी आणि बाजू हवेशीर ठेवाव्यात. जमिनीला टेकलेले पोते पहिल्या वळिवातच तळातून कुजते. बागेतील थर दर दोन महिन्यांनी तपासावा आणि माती दिसू लागली की त्यावर नवा माल घालावा. जुना थर खणून मातीत मिसळण्याची गरज नाही. ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरल्यावर थराचा एक कोपरा उचलून पाहावा: पाचट हाताने चुरडेल इतके काळे झाले असेल आणि त्याखाली गांडुळांच्या विष्ठेच्या बारीक गोळ्या दिसत असतील, तर रब्बीची भाजी लावायला तो वाफा तयार आहे.